यूटिकाची सात मिनिटं

व्हर्ना कोवालिकने छत्तीस वर्षं टपाल वाटलं, आणि त्यातलं अर्धं तरी बर्फातून. सिरॅक्यूजच्या पूर्वेला तिचं गाव. तिथे नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत रस्त्याच्या कडेला काळा होऊन बसतो. शाळा बंद पडायची, दुकानं बंद पडायची, पण व्हर्ना आली नाही असा दिवस कुणाला आठवत नव्हता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी अंगातला चिवटपणा काही गेला नव्हता.

तो सगळा चिवटपणा आता कॉपर फेरीच्या वाट्याला आला होता. कॉपर फेरी म्हणजे पाच जणांचा बँड. पन्नास वर्षं गावोगाव फिरून वाजवणारा, आणि एकच गाणं दोनदा सारखं कधीच न वाजवणारा. चार ओळींचं गाणं म्हणायचे आणि मग पंचवीस मिनिटं जे सुचेल त्याच्या मागे जायचे. कधी सोनं लागायचं, कधी नुसतीच माती. त्यामुळे त्यांच्या चाहत्यांत ‘तुझं आवडतं गाणं कोणतं’ असं कुणी विचारत नाही. ‘तुझा आवडता कार्यक्रम कोणता’ असं विचारतात. उत्तर म्हणून गाव आणि साल सांगायचं, आणि मग भांडायला बसायचं.

भांडायची जागा ठरलेली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता मार्जच्या डायनरची मागची खोली. तेरा माणसं, पॅनकेक, कॉफी. जानेवारीतल्या बैठकीत गस व्हिटेकरने एक पत्र वाचून दाखवलं. गस नळदुरुस्तीची कामं करायचा. व्हर्नाचा चाळीस वर्षांचा मित्र आणि या एका बाबतीत चाळीस वर्षांचा वैरी. पत्र बँडच्या कचेरीतून आलं होतं. पन्नासाव्या वर्षानिमित्त ते एक जुना कार्यक्रम जसाच्या तसा प्रसिद्ध करणार होते. देशभरातल्या चाहत्यांच्या मंडळांनी प्रत्येकी एकेक नाव मे महिन्यापर्यंत कळवायचं होतं. अट एकच, कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण अथपासून इतिपर्यंत पूर्ण हवं.

“स्पोकेन, एक्क्याण्णव,” गस म्हणाला. “संपला विषय. कॉफी कुणाला?”

“विषय अजून सुरूही झाला नाही,” व्हर्ना म्हणाली.

“झालं. आली यूटिका!” कुणीतरी पुटपुटलं आणि सगळे हसले.

“हसा. यूटिका, चौऱ्याऐंशी. त्या रात्रीच्या ‘हेरॉन’ या गाण्यासमोर तुमचं स्पोकेन म्हणजे लिफ्टमधलं संगीत.”

गसने काटा खाली ठेवला. “बाई गं, चाळीस वर्षं ऐकतोय. डेलच्या गिटारने छप्पर फाडलं, ऑगीच्या पियानोने लोक रडले. आमच्यापैकी होतं कोण तिथे? तू एकटी. आणि टेपवर काय आहे? हेरॉनची अकरा मिनिटं, मग खर्रर्र, मग टाळ्या. मधली सात मिनिटं गेली कुठे?”

“ती टेप करणाऱ्याच्या बॅटऱ्या मध्येच संपल्या, बदलेपर्यंत सात मिनिटं गेली, हे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे.”

“म्हणजे तुझा सगळ्यात थोर कार्यक्रम फक्त तुझ्या डोक्यात आहे. डोकं काही पोस्टाने पाठवता येत नाही.”

पुन्हा हशा झाला. व्हर्ना हसली नाही. तिने मेपलचा पाक पॅनकेकवर ओतला आणि शांतपणे म्हणाली, “मेपर्यंत ती सात मिनिटं या टेबलावर आणते. नाही आणली तर यूटिकाचं नाव पुन्हा काढणार नाही.”

“लिहून दे,” गस म्हणाला. तिने कागदी रुमालावर लिहून दिलं.

ती उगाच बोलली नव्हती. यूटिकाच्या त्या जुन्या थिएटरात तिच्या पुढे दोन रांगांवर मुद्रण करणारा आणखी एक माणूस उभा होता. डोक्यावर पिवळी शिकारी टोपी, हातात उंच काठी, काठीच्या टोकाला दोन मायक्रोफोन. पुढे चाहत्यांत बोललं गेलं की त्या माणसाचं यंत्र त्या रात्री बिघडलं. पण कार्यक्रम संपून दिवे लागले तेव्हा त्या यंत्रावरचा लाल दिवा चालू होता. तो व्हर्नाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

त्या रात्रीचं तिला सगळंच लख्ख आठवत होतं, त्याला कारण होतं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. पोस्टात लागून सहा आठवडे झाले होते. तिथल्या पुरुषांनी मुद्दाम टपालवाटपाचा सगळ्यात वाईट टापू तिच्या गळ्यात मारला होता, म्हणजे बाई आपोआप पळून जाईल. कोटाच्या खिशात राजीनामा घेऊन ती त्या कार्यक्रमाला गेली होती. हेरॉन संपलं आणि बाहेर येऊन तिने तो राजीनामा फाडला. का फाडला ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायला गेलं तर एवढंच होतं की त्या सात मिनिटांत तिला वाटलं, आपल्याला कुणी हलवू शकत नाही.

पत्रं टाकणं तिच्या हाडात होतं. चाहत्यांच्या एका जुन्या वार्तापत्रात कॅसेटींची अदलाबदल करणाऱ्यांचे पत्ते होते. तिने एकेचाळीस पत्रं हाताने लिहिली. अठ्ठावीस परत आली, दहा गडप झाली. तीन उत्तरं आली, त्यातली दोन माणूस गेल्याचं कळवणारी. तिसरं ओहायोहून. ‘पिवळी टोपी म्हणजे अँब्रोस टटल. वॉटरटाउनच्या पलीकडे गाईंचा गोठा होता. कान सोन्याचे, जीभ चाबकाची. यूटिकाला यंत्र बिघडलं असं तोच सांगायचा.’

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी ती दीड तास गाडी चालवून त्याच्या दारात उभी राहिली. दार अँब्रोसनेच उघडलं. अठ्ठ्याहत्तरीचा उंच, वाकलेला माणूस.

“मिस्टर टटल, मी यूटिकाच्या टेपसाठी आले आहे.”

“यंत्र बिघडलं होतं.”

“दिवा लाल होता.”

“बाई, चाळीस वर्षांपूर्वीचा दिवा?”

“तुमच्या मागे दोन रांगांवर उभी होते. चांगला लाल होता.”

त्याने दार लावून घेतलं. पुढच्या गुरुवारी ती परत गेली. त्याने खिडकीतूनच मान हलवली. तिसऱ्या गुरुवारी सरोवराकडून असा बर्फ आला की तिची गाडी त्याच्या फाटकापाशी चाकांपर्यंत रुतली. अँब्रोस शिव्या देत ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी लावली, गाडी ओढून काढली.

“तुम्हाला घरदार नाही का?” तो ओरडला.

“आहे. तिथे टेप नाही.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. “आत या. इथे गोठून मेलात तर मला फॉर्म भरावे लागतील.”

स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. कॉफीचा पहिला कप संपला. मग व्हर्नाने सहज म्हटलं, “आमच्या मंडळात सगळे स्पोकेन एक्क्याण्णव म्हणतात.”

“स्पोकेन?” म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरलं. “स्पोकेनला डेल एकटाच वाजवत होता. बाकी चौघं त्याची पालखी वाहत होते! मी होतो तिथे. टेपवर कळत नाही, समोर कळतं.”

“हेच मी वर्षानुवर्षं सांगते.”

“बफेलो, ब्याऐंशी ऐकलंय?”

“ऐकलंय. सुरुवातीचा अर्धा तास उत्तम, मग ढोलकऱ्याला झोप लागते.”

“झोप नाही, ताप होता त्याला. एकशे दोन. तापात वाजवतोय म्हणून ऐका, मग कळेल.”

दोन तास कसे गेले कळलं नाही. त्याने एकोणऐंशी ते त्र्याण्णवपर्यंतचं एकेक गाव काढलं आणि एकेकाची हजामत केली. कुठे पियानो बेसूर लावलेला होता, कुठे प्रेक्षकांत लग्नाची वरात घुसली होती, सगळं तोंडपाठ. फक्त एका सालावरून तो उडी मारून पुढे गेला. व्हर्नाने ते बरोबर हेरलं.

“आणि चौऱ्याऐंशी?”

“त्या वर्षी मी गाईंकडे बघत होतो.”

“मिस्टर टटल.”

त्याने चुलीत एक लाकूड सरकवलं. मग उठून जिन्याखालच्या कपाटातून त्याने एक कॅसेट आणली आणि टेबलावर आपटली. “घ्या. तळघरात पाणी शिरलं होतं तेव्हा ही आठवडाभर बुडली होती. आता हिच्यात चिखलच वाजेल. वाजला तर मला कळवू नका.”

कॅसेटीच्या आत खरंच वाळलेला गाळ होता. फीत कडेने पांढुरकी, बुरशी धरलेली. एका दुकानदाराने ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, टाकून द्या. दुसऱ्याने हातही लावला नाही. तेव्हा व्हर्नाने ठरवलं, आपणच शिकायचं. जुन्या वस्तूंच्या दुकानातून तिने टोपलीभर कॅसेटी आणल्या. चर्चमधली प्रवचनं, व्यायामाच्या सूचना, पोलिश भाषा शिकवणारे धडे. त्यांची कवचं सुरीने उघडायची, आतली फीत नव्या कवचात बसवायची, गुंता होऊ द्यायचा नाही. पहिल्या अकरा कॅसेटींची तिने वाट लावली. बारावी वाजली आणि तिच्या स्वयंपाकघरात एका पाद्र्याने सबुरीचं महत्त्व सांगितलं.

“मला कशाला सांगतोयस,” ती त्याला म्हणाली.

विसावीनंतर तिने यूटिकाला हात घातला. हात लागताच फीत चिकटत होती. एका दिवसात चार-पाच मीटर सुटायची, कधी तेवढीही नाही. मऊ फडक्याने पुसायची, सुकू द्यायची, गुंडाळायची. गस एकदा घरी आला. टेबलभर पसरलेला पसारा बघून तो चेष्टा करायचं विसरला. “व्हर्ना, हे गेल्यातच जमा आहे गं.”

“गेलं असेल तर गेलं. पण मी सोडलं म्हणून नाही जाणार.”

एप्रिलच्या पंधरा तारखेला सकाळी दहा वाजता फीत नव्या कवचात बसली. तिने हेडफोन लावले. दबका, खरखरीत, पण आवाज होता. हेरॉनच्या चार ओळी. मग नदीसारखी पसरत जाणारी ती ओळखीची अकरा मिनिटं. मग खर्रर्र आलं नाही. पुढचं आलं.

आणि पुढचं म्हणजे नुसता सत्यानाश होता.

डेलच्या गिटारीची तार तुटली. तो सूर हरवून बसला. बाकीचे त्याला शोधायला गेले आणि चौघं चार दिशांना पांगले. ढोल थांबला, चुकीच्या जागी सुरू झाला, पुन्हा थांबला. दीड मिनिट, दोन मिनिटं, कुणालाच कळेना आपण कुठे आहोत. प्रेक्षकांत कुजबुज. आणि मग मायक्रोफोनच्या अगदी जवळून एक पुरुषी आवाज, चाबकासारखा: “बास करा! घरी जा, भंगार आहे हे!” त्याच्यावर तुटून पडलेले दोन-तीन आवाज. मग कुणीतरी घाईने म्हणालं, “जरा यंत्राकडे बघ रे,” आणि पावलं दूर गेली.

छप्पर फाडणारी गिटार कुठे होती? ती तर वाजतच नव्हती. तिने टेप थांबवली नाही. शांततेत ऑगीच्या पियानोचे तीन सूर आले, अगदी साधे, लहान मूल बोटाने दाबतं तसे. पुन्हा तेच तीन. ढोलकऱ्याने त्यांना हात दिला. मग खर्जाची गिटार. शेवटी डेल, उरलेल्या पाच तारांवर, सगळ्यांच्या मागून, पाय ओढत. आणि तिथून ते वर चढले. ती चढण व्हर्नाला आठवत होती, सुरासुराने आठवत होती. पण पडल्याचं तिला एक अक्षर आठवत नव्हतं.

तिने हेडफोन काढले. चाळीस वर्षं आपण लोकांना अर्धीच गोष्ट सांगितली. ही टेप मंडळात वाजवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. गस टाळ्या पिटेल. संगणकावर मधला तुकडा कापून टाकायला पाच मिनिटं लागली असती. तिने तो विचार केला, नाही असं नाही. मग ती उठली, तोंड धुतलं आणि गाडी वॉटरटाउनच्या रस्त्याला लावली. त्या दिवशी गुरुवार नव्हता.

अँब्रोसने दार उघडताच तिचा चेहरा वाचला. “वाजली.”

“वाजली. तो आवाज तुमचा.”

तो खुर्चीत बसला. “मुद्रण करणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं. पहिला नियम आहे आमचा. आणि मी काय केलं? त्या दौऱ्यात त्या पाच जणांच्या मागे तीन राज्यांतून गाडी चालवत फिरलो होतो. पडले तेव्हा मला वाटलं, माझीच फसवणूक झाली. ओरडलो. ऑगीने मान वर करून माझ्या दिशेने पाहिलं. अख्खी रांग माझ्या अंगावर आली. मी शेजाऱ्याला यंत्र सांभाळायला सांगून बाहेर गेलो, गाडीत जाऊन बसलो. संपल्यावर आलो, यंत्र उचललं आणि निघालो.”

“मग टेप कधी ऐकलीत?”

“एकदाच. माझ्या आवाजापर्यंत. पुढे नाही.”

व्हर्नाने पिशवी टेबलावर ठेवली. “म्हणजे पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच नाही?”

“काय व्हायचंय? पडले. मी पाडले.”

तिने पिशवीतून यंत्र काढलं आणि दोघांच्या मध्ये ठेवलं. “बसा.”

“नको.”

“मी वीस कॅसेटींशी कुस्ती खेळलेय, अँब्रोस. बस.”

स्वतःचा आवाज आला तेव्हा त्याने डोळे मिटले. तो तीन सेकंदांचा होता. त्याने बहुधा मनात तो तासाभराचा करून ठेवला होता. मग पावलं, मग शांतता, मग ते तीन सूर. अँब्रोसने डोळे उघडले. दुसऱ्यांदा तीन सूर आले तेव्हा तो पुढे वाकला. ढोल आला, खर्ज आला. डेल पाच तारांवर धडपडत आत आला तेव्हा म्हाताऱ्याने टेबलाची कड घट्ट धरली, जणू कुणी त्याला खुर्चीसकट उचलत होतं. शेवटच्या टाळ्या संपून फीत रिकामी फिरायला लागली तरी तो हलला नाही.

“मी गाडीत बसलो होतो,” तो म्हणाला. “काचा वर करून.” त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्याला लाज वाटली नाही. “वेडा माणूस. काचा वर करून!”

व्हर्नाने त्याला रडू दिलं. मग ती म्हणाली, “तुझा आवाज काढून टाकता येईल. कुणाला कळणार नाही.”

त्याने यंत्राकडे बोट दाखवलं. “आणि ते पडतात तेही काढणार?”

“ते नाही काढणार. मी ठरवलंय.”

“मग माझंही राहू दे. मी नाही ओरडलो तर ऑगी ते तीन सूर कशाला वाजवेल?”

मेच्या पहिल्या रविवारी मार्जच्या मागच्या खोलीत चौदा माणसं होती. चौदावा अँब्रोस, पाहुणा म्हणून, पांढरा शर्ट घालून, कोपऱ्यात. व्हर्ना उभी राहिली. “आधी एक सांगते. मी तुम्हाला चाळीस वर्षं चुकीचं सांगितलं. मुद्दाम नाही, पण चुकीचं. आता ऐका.”

तिने बटण दाबलं. पडण्याचा भाग आला तेव्हा दोघं-तिघं चुळबुळले. अँब्रोसचा आवाज आला तेव्हा एक बाई खुदकन हसली. अँब्रोसने हात वर केला, “मीच तो,” आणि ती गप्प झाली. गस व्हिटेकर कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. शेवट झाला तरी कुणी काटा उचलला नाही.

“हे छप्पर फाडणं नाही,” अखेर गस म्हणाला.

“नाही,” व्हर्ना म्हणाली. “हे पाया खचल्यावर घर उभं ठेवणं आहे. आणि मला हेच जास्त थोर वाटतं. तुमचं काय ते तुम्ही बघा. घ्या मतं.”

मतं झाली. स्पोकेनला नऊ, यूटिकाला चार. चार म्हणजे व्हर्ना, ती हसलेली बाई, मागचा एक शाळामास्तर, आणि गस. गसने हात वर केला तेव्हा त्याच्या बाजूचे आठ-नऊ जण त्याच्याकडे गद्दार म्हणून पाहायला लागले.

“बघताय काय?” तो लाल होऊन म्हणाला. “मी नळ दुरुस्त करतो. फुटलेलं परत जोडणाऱ्याची किंमत मला कळते.”

मंडळाकडून स्पोकेनचं नाव गेलं. व्हर्नाने स्वतःच्या हाताने ते पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं, कारण तिचं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं. हरल्याचं दुःख झालं, पण अंग मोडून बसण्याइतकं नाही. त्या आठवड्यात तिने यूटिकाच्या पूर्ण टेपच्या साठ प्रती काढल्या आणि देशभर पाठवल्या. प्रत्येकीवर ठळक अक्षरांत लिहिलं: काहीही कापलेलं नाही.

जूनमध्ये अँब्रोस त्याच्या लेकीच्या गाडीतून पुन्हा डायनरमध्ये आला आणि थेट व्हर्नासमोरच्या खुर्चीत बसला.

“एक सांगू? रागावू नकोस,” तो म्हणाला. “यूटिका चांगलं आहे. फार चांगलं. पण सगळ्यात थोर म्हणशील तर टोलेडो, एकोणऐंशी.”

“टोलेडो?” व्हर्नाच्या हातातलं पाकाचं भांडं हवेतच राहिलं. “टोलेडोला ऑगीने पहिला अर्धा तास हातमोजे घालून वाजवलं होतं!”

“थिएटर थंड होतं!”

“कुठे आहे ती टेप? पूर्ण आहे?”

“दुसरी बाजू सापडत नाही.”

व्हर्नाने भांडं खाली ठेवलं, पिशवीतून पेन काढलं आणि म्हणाली, “नावं सांग. तिथे आणखी कोण कोण होतं?”